वर्ध्याहून चापिंगोला

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सहल कंपनीत गेले होते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत थंडगार. समोरच्या मुलाने गुळगुळीत माहितीपत्रकं पत्त्यांसारखी पसरली. "काकू, युरोप घ्या. अकरा दिवस, सात देश. जेवण आपलं मराठी. चतुर्थी आली तर साबुदाण्याची खिचडीसुद्धा." मी म्हटलं, मला चापिंगोला जायचंय. त्याने कॉम्प्युटरवर दोनतीनदा टाइप करून पाहिलं आणि विचारलं, "हे सिंगापूरकडे येतं का?"

चापिंगो मेक्सिकोत येतं. मेक्सिको शहरापासून बसने तासाभरावर तेश्कोको नावाचं गाव आहे, त्याला लागून एक कृषी विद्यापीठ. ताजमहालासारखं तिथे काही नाही. पण तिथे आपल्या वर्ध्याचा एक माणूस 1924 पासून शिकवत होता: डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घरातून निघाले ते जपानमार्गे अमेरिकेला. तिथे शेतीशास्त्र शिकले, गदर पक्षाच्या उभारणीत होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगरांत इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले. पुढे मॉस्को, बर्लिन, आणि शेवटी मेक्सिको. माणसाने अर्धी पृथ्वी पालथी घातली. आपण मात्र पासपोर्टच्या फोटोत कान दिसत नाहीत म्हणून अर्ज परत आला की दोन दिवस जेवत नाही.

मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या नव्या वाणांवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. टीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांचे आणि त्यांच्या कणसांचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा मित्र. मेक्सिको शहराच्या जुन्या भागात शिक्षण खात्याची इमारत आहे. तिच्या भिंतीवर रिवेराने एक जेवणाचं टेबल रंगवलंय. मधोमध बसून भाकरी मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे, असं सांगतात. 1955 मध्ये ते नागपुरात परतले आणि जानेवारी 1967 मध्ये इथेच गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, ज्या मेक्सिकोत ते राबले तिथल्याच गव्हाचं अठरा हजार टन बियाणं आपल्या देशाने आणलं होतं.

हे सगळं मला बासष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी मुलाकडे न्यू जर्सीला दोनदा जाऊन आले होते. नायगारा पाहिला, स्वातंत्र्यदेवीबरोबर फोटो काढला, आणि घरी येऊन कुणाला काय सांगावं ते सुचेना. सगळ्यांनी ते आधीच पाहिलेलं.

तेव्हा या वेळी बेत उलट्या टोकाने आखला. आधी माणूस, मग गाव, मग तिकीट. आमच्या वहिनी बरोबर यायला तयार झाल्या. शेजारच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "काहून वो, काय हाय तिथं पाह्याले?"

मेक्सिकोचा व्हिसा वेगळा काढावा लागेल म्हणून आम्ही कागद जमवायला बसलो होतो. तर कळलं की अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीय पर्यटकाला मेक्सिकोचा लागत नाही. आमच्या दोघींच्याही पासपोर्टवर तो आहे, मुलांची कृपा. फक्त परतताना पुन्हा अमेरिकेतूनच यायचं, म्हणून तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. हे नियम बदलतात, निघण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघायचे. युरोपातून विमान बदलायचं तर त्यांचा आणखी एक कागद लागू शकतो, म्हणून वाट न्यू जर्सीवरूनच धरली. तेवढीच नातवाची भेट.

उंचीचा विचार मात्र मी केलाच नव्हता, तो आमच्या डॉक्टरांनी केला. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर, आपलं चिखलदरा अकराशेच्या आसपास, आणि मेक्सिको शहर 2,240 मीटर. म्हणजे चिखलदऱ्यावर आणखी एक चिखलदरा ठेवायचा. पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं, जिने चढायचे नाहीत, पिरॅमिड तर नाहीच. रक्तदाबाच्या गोळ्या पाकिटासकट आणि चिठ्ठीसकट न्यायच्या. विम्याचा कागद मी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचला. जुनं दुखणं त्यात बसत नाही, हे बाराव्या पानावर बारीक अक्षरात होतं.

पण खरी तयारी झाली ती स्वयंपाकघरात. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. म्हटलं, करून बघू. इतवारीतून अर्धा किलो पांढरा मका आणला, चुना कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून. "ताई, खर्राच घोटून देऊ काय?" असं त्याने विचारलंच. छोटा चमचाभर चुना टाकून मका उकळला. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. सकाळी दाणा चिमटीत धरला तर साल आपसूक सुटून आलं. वास नव्याने चुना दिलेल्या भिंतीचा, आणि त्यामागून भाजल्या भुट्ट्याचा. मिक्सर दोन मिनिटांत गरम होऊन बंद पडला, म्हणून पाटा काढला. पोळ्या थापल्या त्या तव्यावर जाईपर्यंत फाटल्या. वहिनी म्हणाल्या, "आपली ज्वारीची भाकर काय वाईट होती?" पण चव वेगळीच होती. आणि चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं, हेही त्या निमित्ताने वाचलं. आता तिथे गेल्यावर कुठल्या वेळी कुठल्या गल्लीत जायचं ते मला ठाऊक आहे. पहाटे, जिथे भिजलेला मका दळतात तिथे.

चापिंगोला एका जुन्या हवेलीच्या प्रार्थनाघरात रिवेराची भित्तिचित्रं आहेत. जमीन, बी, अंकुर, राबणारी माणसं. विद्यापीठात 2022 साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोज्यांचा पुतळाही बसला. नातवाच्या मदतीने मी विद्यापीठाला स्पॅनिशमध्ये पत्र लिहिलंय. उत्तर अजून नाही.

एक कणीस आणून परसात लावायचं मनात होतं. तेही जमणार नाही. परदेशी बियाणं परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि नियम रास्तच आहे. एका किडीने अख्ख्या जिल्ह्याचं पीक जाऊ शकतं. आपल्या कापसाने गुलाबी बोंडअळी पाहिलीय.

बॅगा अर्ध्या भरून झाल्यात. परवा वहिनींनी त्यात भिवापुरी तिखटाची पुडी कोंबली. तिकडच्या कस्टमने काढून नाही घेतली म्हणजे मिळवली. मी म्हटलं, वहिनी, मिरची मूळची मेक्सिकोचीच, तिकडे कशाला नेता?

"मग नेऊ द्या की," त्या म्हणाल्या, "पाचेकशे वर्षांनी माहेरी चाललीय."