लांडगा आला, आता काय करायचं?

दिवेलागणीची वेळ आहे. धारा काढून झाल्या असतील, शेळ्या आत घेतल्या असतील. नसतील घेतल्या तर आधी घ्या, मग रेडिओ ऐका. आज आम्ही बोलणार आहोत लांडग्याबद्दल.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनीच पोरांना सांगितली आहे. त्या गोष्टीत शेवटी लांडगा येतो, मेंढ्या खातो आणि गोष्ट संपते. आपल्याकडे, इंदापूर, दौंड, करमाळ्यापासून खाली माण-खटावपर्यंतच्या या दुष्काळी पट्ट्यात, गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमच्या बचत गटात बारा जणी आहोत. बाराही जणींकडे शेळ्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या. म्हणजे शेळी गेली तर नुसती शेळी जात नाही, मागे हप्ता राहतो. तेव्हा लांडग्याला वाचवा म्हणून सांगणाऱ्या आम्ही काही लांब शहरात बसलेल्या बाया नाही. आमच्याच गटातल्या एकीची दोन करडं एका महिन्यात गेली आहेत. ती या क्षणी आमच्या शेजारी बसली आहे आणि तिने सांगितलंय, माझं नाव घेऊ नका, पण गोष्ट सांगा.

तर गेल्या पौषातली गोष्ट. आमच्या माळाच्या कडेला एक ओढा आहे, वर्षातले आठ महिने कोरडा. त्याच्या दरडीत लांडगीने पिल्लं घातली. गुराख्या पोरांनी बीळ पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पारावर ठरलं की उद्या सकाळी बिळाच्या तोंडाशी पाचट पेटवायचं आणि धूर कोंडायचा. कुणी म्हणालं, त्यापेक्षा मेलेल्या शेळीत विष घालून ठेवा, सगळेच जातील. त्याच रात्री गटाची बैठक होती. जिची करडं गेली होती ती म्हणाली, धूरच द्या. तिला कुणी वाईट म्हणू नये. आम्हीही तेव्हा गप्प होतो.

बोलल्या त्या आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आत्याबाई. त्या म्हणाल्या, "अगं, बाळंतीण आहे ती. आणि विष ठेवाल, तर पहिलं कुणाचं कुत्रं मरेल?"

विषाचं खरंच तसं आहे. ते लांडग्याची वाट बघत बसत नाही. गावातलं कुत्रं खातं, तरस खातं, घार खाते, गिधाड असलंच कुठे उरलेलं तर तेही खातं. धुराबद्दल आम्ही नंतर वनरक्षकांना विचारलं. त्यांनी सांगितलं की लांडगा हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच यादीत. मारला तर किमान तीन वर्षांची कैद, सात वर्षांपर्यंतही होऊ शकते. पारावर मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांपैकी हे एकालाही ठाऊक नव्हतं. तुरुंगात जायची वेळ आली असती तर गेली असती पोरं, बोलणारे नाही.

पण कायद्याच्या भीतीने एखादी गोष्ट आपली वाटत नाही. आम्हाला लांडगा आपला वाटला तो पुढे, थोडी माहिती मिळाल्यावर.

वाघ जंगलातला, तसा लांडगा माळावरचा. पवन्या, मारवेल, कुसळी गवत, मध्येच बोर-बाभूळ, खडकाळ मुरूम, हेच त्याचं घर. देशभरात मिळून सुमारे तीन हजार लांडगे उरलेत असा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत वाघ निघाले ३,६८२. म्हणजे ज्याला आपण गल्लीतल्या कुत्र्यासारखा धोंडा मारतो, तो वाघापेक्षाही कमी आहे. वाघासाठी प्रकल्प आहेत. लांडगा राहतो त्या जमिनीला मात्र कागदोपत्री 'पडीक' म्हणतात, आणि पडीक म्हटलं की प्लॉट पाडायला, खाणीला, कारखान्याला ती मोकळी. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य केलं. आज तिथे माळढोक दिसणं फार दुर्मिळ झालंय, लांडगा अजून टिकून आहे. माळ गेला तर तोही जाईल. आणि मैत्रिणींनो, माळ गेला तर आपल्या शेळ्या चरायच्या कुठे? इथे लांडग्याचं आणि आपलं दुखणं एकच आहे.

त्याचं कुटुंबही आपल्यासारखंच. थंडीच्या सुमाराला लांडगी वितेते, चार-पाच पिल्लं, पहिले दहा-बारा दिवस डोळे मिटलेले. ती बिळाजवळ राहते आणि नर, मागच्या वर्षीची थोरली पोरं शिकार करून येतात, पोटातलं ओकून तिला नि पिल्लांना भरवतात. ऐकायला किळस वाटते, पण अख्खं घर बाळंतपण काढतंय. ससे, उंदीर-घुशी, काळवीट, रानडुकराची पिल्लं हे त्याचं खाणं. काळविटांचा कळप ज्वारीत शिरतो तेव्हा आपण रात्रभर डबे वाजवतो. त्या कळपाला धाक असलाच, तर याचाच आहे. ते कमी पडलं की मग तो आपल्या करडांकडे वळतो.

जगात दुसरीकडेही हेच चाललंय, म्हणून एक गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात डिंगो म्हणून एक रानकुत्रा आहे, हजारो वर्षांपासून तिथलाच. मेंढपाळांच्या मेंढ्या मारतो म्हणून तिथे त्याच्यासाठी सुमारे ५,६०० किलोमीटर लांब कुंपण घातलं, विष टाकलं. वर म्हणायचे, हे आता खरे डिंगो नाहीतच, गावठी कुत्र्यांशी मिसळलेले आहेत, मारले तर काय झालं? २०२३ साली त्यांच्या रक्ताची नीट तपासणी झाली, तेव्हा बहुतेक डिंगो शुद्ध निघाले. इतकी वर्षं नाव वाईट ठेवून मारलं.

आपल्याकडे भीती उलट बाजूची आहे. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं तपासणीत दिसलं. भटकी कुत्री माळावर वाढली, त्याचा हा परिणाम. आणि ती कुत्री वाढली कशावर? कोंबड्यांच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या आपण ओढ्यात टाकतो त्यावर. हे आपलंच, दुसऱ्या कुणाचं नाही. शिवाय शेळी मेली की बोट लांडग्याकडे जातं, पण पुष्कळदा काम कुत्र्यांचं असतं. चार-सहा जनावरं चावून, फाडून तिथेच टाकलेली दिसली, तर आधी कुत्र्यांचा संशय घ्या.

भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराइचकडे लांडग्यांच्या हल्ल्यात लहान मुलं दगावली. आपल्याकडेही पिसाळलेला लांडगा कधी माणसाला चावतो. तसं झालं तर हळद-चुना लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या. कुत्रं चावलं तरी हेच. तान्ही मुलं अंगणात एकटी झोपवू नका, लांडगा असो वा नसो.

आता शेळ्यांचं. आमच्याकडे दरवर्षी मेंढरं घेऊन येणारे धनगर रात्री वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि त्याभोवती कुत्री. त्यांच्यातले म्हातारे अजून म्हणतात, एखादं कोकरू गेलं तर तो त्याचा वाटा. आपल्याला वाटा परवडत नाही, पण वाघर परवडते. आम्ही बाभळीच्या काट्यांचं कुंपण छातीएवढं उंच केलं, करडं रात्री डालग्याखाली झाकून वर दगड ठेवायला लागलो, आणि दिवस मावळायच्या आत शेळ्या घरी आणतो. खर्च जवळजवळ नाहीच. तेव्हापासून, हे बोलतोय त्या दिवसापर्यंत, गटातलं एकही करडू गेलेलं नाही.

तरी गेलंच, तर भरपाई मिळते. शासनाच्या यादीत लांडगाही आहे. जिची दोन करडं गेली तिला पहिल्या वेळी काही मिळालं नाही, कारण तिने मेलेलं करडू पुरून टाकलं आणि चौथ्या दिवशी सांगायला गेली. तिथे तिला सांगितलं, कुत्र्यानेच खाल्लं असेल, जा. ती रडत आली. दुसऱ्या वेळी आम्ही चौघी बरोबर गेलो. जनावर हलवलं नाही, जागेवरच पालापाचोळ्याने झाकलं, मोबाईलवर फोटो काढले, त्याच दिवशी वनरक्षकांना कळवलं. ४८ तासांच्या आत कळवावं लागतं, हे पक्कं लक्षात ठेवा. फोन लागत नसेल तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. पंचनामा झाला. पैसे यायला मात्र आखाड उजाडला. इतका उशीर का लागावा, हे आम्ही अजून विचारतोच आहोत. भरपाई वेळेवर मिळाली तर निम्मं विष आपोआप थांबेल, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि ते बीळ? धूर दिला नाही. आत्याबाई सकाळी स्वतः पारावर जाऊन बसल्या, मग कुणाची हिंमत? महिनाभर आम्ही त्या बाजूला शेळ्या नेल्या नाहीत. शिमग्याच्या सुमाराला एका पहाटे दोन पिल्लं ओढ्याच्या वाळूत खेळताना एकीला दिसली. जिची करडं गेली होती, तिलाच.

भरपाईच्या अर्जाचे कोरे नमुने आमच्याकडे आहेत. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी आम्ही समाजमंदिरात बसतो. कुठल्याही गावची, कुठल्याही गटाची बाई आली तरी भरून देऊ. येताना आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक आणा, आणि शेळ्या बाहेर बांधा. मागच्या गुरुवारी एकीच्या शेळीने भरलेले दोन अर्ज खाल्ले.