जो गेला, त्याला फोन केला का?

(पुण्यात तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर. राहतो पुण्यात, वाढलो औरंगाबादेत. सरकारी कागदावर माझं शहर आता छत्रपती संभाजीनगर आहे आणि फॉर्म भरताना मी तेच लिहितो. घरी बोलताना जुनं नाव तोंडात येतं. आजची गोष्ट या दोन नावांचीच आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मला नकाशे काढायचा छंद आहे. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे, २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला. विकिपीडियासारखंच त्याचं काम चालतं. कुणीही खातं उघडावं आणि आपल्या गल्लीतला रस्ता, दवाखाना, हातपंप त्यात भरावा. आम्हा हौशी मंडळींचा टेलिग्रामवर साडेतीनशे जणांचा गट आहे. मी त्याचा ॲडमिन.

तुम्हाला वाटेल, नकाशावरून काय भांडणार? अहो, रविवारी सकाळी दोन शिकलेली माणसं ‘ही पायवाट की बैलगाडीचा रस्ता’ यावर तीन तास भांडतात. अशी भांडणं मला आवडतात. शेवटी कुणीतरी गाडी काढून जागेवर जातो, फोटो टाकतो, विषय संपतो. आमचा मूळ नियमच तो आहे, प्रत्यक्ष जागेवर जे दिसतं ते नोंदवा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने नामांतराला मंजुरी दिली आणि हा नियम आमच्या कामी येईना. कारण जागेवरच दोन नावं होती. सरकारी पाट्या बदलू लागल्या, रेल्वे स्थानकावर मात्र जुनं नाव २०२५ पर्यंत टिकून होतं. खरं तर तांत्रिक उत्तर सोपं होतं. त्या नकाशात एका जागेला नावाचे अनेक रकाने असतात. चालू नाव, जुनं नाव, पर्यायी नाव, शिवाय मराठी, उर्दू, इंग्रजी वेगवेगळं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

पण भांडण रकान्याचं नव्हतंच. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे तिचं फतेहनगर झालं, १६५३ नंतर औरंगाबाद. हे सगळं गटातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकजण आपल्या सोयीच्या सालापासून इतिहास सुरू करत होता, एवढंच.

त्या संध्याकाळी एकाने लिहिलं, ‘ज्यांना जुनं नाव हवं, त्यांनी त्या बादशहाच्या कबरीपाशी जाऊन राहावं.’ मी त्याला दोन मिनिटांत गटाबाहेर काढलं. तासाभराने आपल्यातल्याच एका पोराने एका वयस्कर सरांना ‘दंगलखोरांचे मास्तर’ म्हटलं. सरांनी काय लिहिलं होतं? नवं नाव मुख्य रकान्यात जावं, जुनं जुन्याच्या रकान्यात राहू द्यावं. बस. त्या पोराला मी खासगीत लिहिलं, ‘भाई, जरा संभाल के.’ त्याचं वाक्य गटात तसंच राहिलं.

रात्री कुणीतरी दोन्ही संदेशांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, ‘ॲडमिनसाहेब, मापं दोन आहेत का?’

माझ्याकडे उत्तर होतं. पहिलं वाक्य एका अख्ख्या समाजाला उद्देशून होतं, दुसरं एका माणसाला. हा फरक खरा आहे, आजही मी तो मानतो. पण पहिल्याला बाहेर काढताना मी हा विचार केलाच नव्हता. मला ते लागलं, म्हणून बोट चाललं. दुसरं मला लागलं नाही, म्हणून चाललं नाही. मग मी गट बंद केला, फक्त ॲडमिनने लिहायचं. शांत झालं. मला वाटलं, मिटलं.

सकाळी पाहिलं तर सर गट सोडून गेले होते. निवृत्त शिक्षक. आपल्या तालुक्यातल्या चाळीसेक गावांतल्या शाळा आणि हातपंप त्यांनी पायी फिरून नोंदवले होते.

महिनाभराने घरी गेलो तेव्हा अब्बांना हे सांगितलं. अब्बांचं सायकलचं दुकान होतं आणि मोहल्ल्यातली भांडणं त्या दुकानापुढे यायची. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “जो गया, उसको फोन किया क्या?” मी म्हटलं, ते स्वतःहून गेले, मी कुठे काढलं, नियमात तर… “मैं कायदा नै पूछा. फोन किया क्या?”

फोन केला. सर म्हणाले, “त्या पोराचा राग नाही रे. आयुष्य वर्गात गेलं माझं, पोरांचं बोलणं मला नवं नाही. पण तू तिथे होतास, आणि गप्प बसलास.”

यावर मी काय बोलणार? त्या दिवशी मी गटात उघड माफी मागितली. ते वाक्य काढलं. बाहेर काढलेल्याला परत घेतलं आणि दोघांनाही सात-सात दिवस लिहायला बंदी केली. त्यावर आपल्या पोराचा संदेश आला, ‘आप भी उनके हो गए.’ खरं सांगतो, हे स्क्रीनशॉटपेक्षा जास्त लागलं. त्यालाही फोन केला. त्याच आठवड्यात त्याला पुण्यात तिसऱ्या घरमालकाने नाव ऐकून खोली नाकारली होती. त्याचा राग खरा होता. सरांना बोललेलं चूक होतं. दोन्ही गोष्टी त्याला मी एकाच फोनमध्ये सांगितल्या.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. तुमच्या क्रिकेटच्या, ट्रेकिंगच्या, गाड्यांच्या गटालाही त्या लागू पडतील.

पहिली, ज्या वादात आपलं स्वतःचं मन गुंतलंय, त्यात ॲडमिनकी करायची नाही. दुसऱ्या ॲडमिनकडे द्यायची. म्हणून ॲडमिन किमान तीन हवेत आणि ते एकाच मोहल्ल्यातले, एकाच जातीधर्माचे नसावेत.

दुसरी, कारवाई उघड करायची. कोणतं वाक्य काढलं, कोणत्या नियमाने, किती दिवसांसाठी. खासगीत समज दिली तरी गटात एक ओळ टाकायची.

तिसरी, वाक्य काढा, प्रश्न काढू नका. शिवीच्या आत बहुतेक वेळा प्रश्न असतो. तो साध्या शब्दांत पुन्हा लिहून गटापुढे ठेवा.

चौथी, वेग कमी करा. टेलिग्राममध्ये प्रत्येकाच्या दोन संदेशांमध्ये सक्तीचं अंतर ठेवायची सोय आहे. तापलेल्या दिवशी आम्ही ते पंधरा मिनिटांचं करतो. ही अक्कल जुनीच आहे. १९९५ साली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा एक दस्तऐवज निघाला होता, आरएफसी १८५५. रागाचं उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या, असा सल्ला त्यात तेव्हाच दिलेला आहे.

धमकी, कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर उघड करणं, मुलींचे फोटो, हे मात्र वादात मोजायचं नाही. स्क्रीनशॉट ठेवा, लगेच काढा, सायबर पोलिसांत तक्रार करा. आणि ॲडमिन व्हायला घाबरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात संगनमत नसेल तर, व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन फौजदारी गुन्हेगार ठरत नाही.

आता खास तुमच्याशी. आपल्यातला कुणी ॲडमिन झाला की लोक त्याच्याकडे जरा जास्त बारकाईने बघतात. हे अन्यायाचं आहे, पण आहे. त्यावर दोन सोपे मार्ग दिसतात. एक, आपल्यांना सांभाळून घ्यायचं. दुसरा, आपण किती निःपक्ष आहोत हे दाखवायला आपल्याच पोरांना जास्त झोडायचं. पहिल्या चुकीने माझे सर गेले. दुसरी केली असती तर तो पोरगा गेला असता, आणि त्याला सामावणारी जागा आधीच कमी आहे.

सर चार महिन्यांनी परत आले. नामांतरावर आमचं अजूनही जमत नाही. नकाशात मात्र दोन्ही नावं आपापल्या रकान्यात आहेत, उर्दूचंही आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आणखी हातपंप नोंदवले आणि त्यातल्या निम्म्यांचे फोटो त्याच पोराने काढले. दोघं एकाच मोटारसायकलवर गेले होते. वाटेत काय बोलले, मी विचारलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या गटाचे ॲडमिन असतील. घरी जाताना आठवून बघा, गेल्या वर्षी भांडणानंतर कोण निघून गेलं. त्यातल्या एकाला फोन करा. मेसेज नको, फोन.