एकच रक्तपेशी, दोन व्याधी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



घरात कोणाचा ताप चार दिवस उतरला नाही, की डॉक्टर रक्ततपासणी लिहून देतात. संध्याकाळी अहवाल येतो आणि पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर घरातील सर्वांची दृष्टी खिळते. चार हजार ते अकरा हजार या मर्यादेत आकडा असला की सुटकेचा नि:श्वास टाकला जातो. परंतु आजचा विषय केवळ पेशींच्या संख्येचा नाही, तर त्यांच्या वर्तनाचा आहे.

शरीराच्या रक्षणासाठी अस्थिमज्जेत श्वेतपेशी घडतात. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्याच्या तीव्र प्रकारात या पेशी पक्व होतच नाहीत. अर्धवट घडलेल्या स्थितीतच त्यांची बेसुमार वाढ होते आणि निरोगी पेशींना मज्जेत जागा उरत नाही. स्वयंप्रतिकार व्याधींची गोष्ट वेगळी. तेथे पेशी पूर्ण पक्व असतात, पण आपले आणि परके हा विवेक त्या गमावतात. मग रुमॅटॉइड संधिवातात सांध्यांवर आणि ल्यूपसमध्ये त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर त्यांचा हल्ला होतो. ल्यूपसच्या दहा रुग्णांमध्ये सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन तारुण्यातील.

रुग्णालयात या दोन व्याधींचे विभाग निराळे, डॉक्टर निराळे. प्रयोगशाळेत मात्र त्यांचे नाते फार जुने आहे, आणि त्या नात्याचा एक धागा थेट मुंबईच्या परळपर्यंत येतो.

१९२८ साली लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये एक गंभीर पांडुरोग आढळत होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांना आढळले, की या स्त्रियांच्या आहारातच काही उणीव आहे आणि यीस्टच्या अर्काने ती भरून निघते. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील तो घटक म्हणजे पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. नव्या पेशी घडण्यासाठी ते अत्यावश्यक असते.

मग बोस्टनच्या सिडनी फार्बर यांच्या मनात उलट विचार आला. पेशी वाढण्यास फॉलिक आम्ल लागत असेल, तर त्याची वाट अडवल्यास ल्युकेमियाची पेशी उपाशी मरेल काय? असा अडसर घालणारी रसायने अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाली. त्या चमूचे प्रमुख होते भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध ल्युकेमियाच्या १६ बालकांना दिले आणि १० बालकांत सुधारणा दिसली. १९४८ च्या जून महिन्यात हा अहवाल प्रसिद्ध झाला. सुधारणा तात्पुरती होती, हे फार्बर यांनी लपवले नाही. पण तोवर या व्याधीत पालकांना सांगण्यासारखे डॉक्टरांजवळ काहीच नव्हते. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. त्यांचे नाव आपल्या देशातही फार थोड्यांना ठाऊक असावे, ही खेदाची गोष्ट आहे.

अमिनोप्टेरिनचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. येथे श्रोत्यांपैकी अनेकांचे कान टवकारतील, कारण ही गोळी आज कित्येक घरांतील औषधांच्या डब्यात असते. १९५१ मध्ये गुबनर या अमेरिकन वैद्यकाने अमिनोप्टेरिन संधिवाताच्या काही रुग्णांना देऊन पाहिले आणि त्यांना आराम पडला. परंतु तो काळ कॉर्टिसोनच्या बोलबाल्याचा होता. या निरीक्षणाकडे दीर्घकाळ दुर्लक्षच झाले. अखेर १९८८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुमॅटॉइड संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला मान्यता दिली.

आता घराघरांत काय घडते ते पाहावे. सांधे आखडलेल्या गृहिणीला डॉक्टर ही गोळी देतात. कोणी नातलग पाकिटावरचे नाव वाचून म्हणतो, "अहो, हे तर कॅन्सरचे औषध!" आणि गोळी बंद होते. पुढील दोन-तीन वर्षांत बोटे वाकडी होतात, आणि वाकलेले सांधे कोणत्याही औषधाने पूर्ववत सरळ होत नाहीत. वस्तुस्थिती अशी, की ल्युकेमियात काही वेळा हे औषध ग्रॅममध्ये दिले जाते, तर संधिवातात आठवड्याला साधारणत: साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. इतक्या अल्प मात्रेत ते मुख्यत: पेशींमधील दाह शमवते. सोबत फॉलिक आम्लाची गोळी देतात, म्हणजे निरोगी पेशींची उपासमार होत नाही. विल्स यांनी परळमध्ये शोधलेला घटक तो हाच.

या औषधाच्या बाबतीत खरे भय वेगळेच आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. समजुतीच्या घोटाळ्याने ती रोज घेतली गेली, अस्थिमज्जा दबली आणि प्राणावर बेतले, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत पुन:पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्या जो कोणी लावून ठेवतो, त्याने वार ठरवून पाकिटावर ठळक लिहावा. गर्भवती स्त्रीस हे औषध वर्ज्य आहे. ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणीही टाळू नये.

उसनवारी एकाच बाजूने झाली असे मात्र नाही. त्यासाठी फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात जावे लागेल. एमिली व्हाइटहेड या मुलीला पाचव्या वर्षी ल्युकेमिया झाला. केमोथेरपीनंतर तो पुन्हा उलटला. तिच्या व्याधीचे मूळ श्वेतपेशींच्या एका जातीत, बी-पेशींत होते. या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाची एक खूण असते. कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्षक टी-पेशींत प्रयोगशाळेत एक नवे जनुक बसवून त्यांना ही खूण ओळखण्यास शिकवले होते. यालाच कार-टी उपचार म्हणतात. एप्रिल २०१२ मध्ये एमिलीच्याच टी-पेशी अशा रीतीने बदलून तिला परत देण्यात आल्या. त्या इतक्या आवेशाने तुटून पडल्या की मुलगी तीव्र तापाने कृत्रिम श्वासयंत्रावर गेली. आशा जवळजवळ संपली होती.

तेव्हा रक्ततपासणीत इंटरल्यूकिन-६ हे दाहकारक द्रव्य कमालीचे वाढलेले आढळले. त्याला अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध अस्तित्वात होते, पण ते संधिवातासाठी. जून यांच्या स्वत:च्या कन्येस बालसंधिवात असल्याने ते औषध त्यांना ठाऊक होते. ते एमिलीला देण्यात आले. काही तासांतच ताप ओसरू लागला, आणि आपल्या सातव्या वाढदिवशी ती शुद्धीवर आली. २०२२ मध्ये तिने रोगमुक्तीची दहा वर्षे पूर्ण केली. एका पित्याला मुलीच्या सांधेदुखीमुळे ठाऊक झालेले औषध दुसऱ्याच्या मुलीच्या कामी आले. याला योगायोग म्हणावे, पण सज्ज मनालाच असा योगायोग दिसतो.

पुढचे पाऊल जर्मनीतील एरलांगेन विद्यापीठात पडले. ल्यूपसमध्ये स्वत:च्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि त्यांचा उगमही बी-पेशींतूनच होतो. मग ल्युकेमियासाठी तयार केलेला हा मारा ल्यूपसवर का करू नये? २०२१ मध्ये गेओर्ग शेट यांच्या चमूने वीस वर्षांच्या एका तरुणीवर केलेल्या अशा उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ रुग्णांची माहिती जाहीर झाली. त्यांपैकी आठ जणांना ल्यूपस, तर उरलेल्यांना स्नायू किंवा त्वचा यांच्या स्वयंप्रतिकार व्याधी होत्या. या सर्वांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली. काही महिन्यांनी बी-पेशी पुन्हा उगवल्या, परंतु त्या कोऱ्या होत्या; जुने वैर त्यांनी सोबत आणले नव्हते.

हे वाचून हुरळून जाणे सोपे आहे. पंधरा ही संख्या फार लहान आहे आणि काळही थोडाच लोटला आहे. उपचारापूर्वी केमोथेरपी द्यावी लागते आणि नंतर काही काळ जंतुसंसर्गाचा धोका राहतो.

आणि खर्च? २०१७ मध्ये अमेरिकेत असा पहिला उपचार संमत झाला, तेव्हा केवळ त्या पेशींची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. म्हणूनच मुंबईतील कामाचे मोल अधिक. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून देशी कार-टी पेशी विकसित केल्या. ४ जून २०२१ रोजी पहिल्या रुग्णाला त्या देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने उपचाराला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी तो राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे तीस-चाळीस लाखांच्या घरात सांगितला गेला. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी हाही आकडा छातीत धडकी भरवणाराच.

२०२३ ची ती परवानगी बी-पेशींच्या ल्युकेमिया व लिंफोमासाठी, आणि तीही अन्य उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी होती. ल्यूपसचा तिच्यात समावेश नाही. तेव्हा ल्यूपसवर पेशींचा हमखास उपचार आहे असे सांगून कोणी आगाऊ रक्कम मागू लागला, तर प्रथम एकच प्रश्न विचारावा: या चाचणीची नोंद देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत कोणत्या क्रमांकाने आहे? तो क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि आपल्या संधिवाततज्ज्ञांना दाखवावा.