‘तू लक्षच देऊ नकोस’

(हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘शाळेतला भेदभाव’ असा विषय दिला होता. तुम्हाला वाटलं असेल, ही आता आपल्या वसतिगृहांबद्दल बोलेल, पाण्याच्या माठाबद्दल बोलेल. त्यावर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलू शकता. मी आज लंडनमधल्या एका ज्यू मुलाबद्दल बोलणार आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्मेजण बी.एड. नाहीतर एम.एस.डब्ल्यू. करताय. वर्ष-दोन वर्षांत तुम्ही कुठल्या तरी शाळेच्या स्टाफरूममध्ये असाल आणि एक मूल तुमच्यापाशी येऊन उभं राहील. त्या वेळी मी जी चूक केली, ती तुम्ही करू नये म्हणून हे सांगते.

माझी थोडी ओळख. देगलूर तालुक्यातलं गाव, वडील नांदेडच्या मोंढ्यात हमाल. घरात पदवी पहिली माझी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं आणि त्यानंतर दोन वर्षं तिथल्या एका सरकारी शाळेत ‘लर्निंग मेंटर’ म्हणून नोकरी केली. शिकवायचं नसतं. अडखळलेल्या, गप्प झालेल्या, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांबरोबर बसायचं असतं.

तो मुलगा बारा वर्षांचा होता. डोक्यावर किप्पा घालायचा, म्हणजे ज्यू पुरुष घालतात ती छोटी गोल टोपी. वर्गात ज्यू असा तो एकटाच. जेवणाच्या सुट्टीत तो रोज लायब्ररीत जाऊन बसायचा आणि सोमवारी हमखास पोट दुखतं म्हणायचा. कुणी काही विचारलं की हसायचा. या हसण्याकडे नीट बघा हं. आपण सगळे ते हसलोय.

तीन आठवड्यांनी त्याने सांगितलं. कॉरिडॉरमध्ये पोरं त्याच्या पायाशी एक-दोन पेन्सची नाणी टाकतात आणि हा उचलतो का ते बघतात. इतिहासाच्या तासाला दुसऱ्या महायुद्धाचा धडा निघाला की मागच्या बाकावरून कुणीतरी दातांमधून ‘स्स्स’ असा आवाज काढतं. गॅसचा आवाज. बसमध्ये टोपी उडवतात. वहीवर कुणीतरी हिटलरचं चिन्ह काढलं होतं. शिक्षकाने विचारल्यावर तो पोरगा म्हणाला, हे तर हिंदूंचं शुभचिन्ह आहे सर. उंबऱ्यावर काढलेलं स्वस्तिक आपण जन्मभर बघितलंय, पण ज्यू मुलाच्या वहीवर ते का काढलंय हे काढणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

नाण्यांचं मला आधी कळलंच नाही. मग वाचलं. मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी ज्यूंना जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघांत शिरता येत नव्हतं. व्याजाने पैसे देणं चर्चने ख्रिश्चनांना निषिद्ध ठरवलेलं. उरलेला तो धंदा ज्यूंच्या गळ्यात पडला आणि मग त्याच धंद्यावरून ‘हे लोक पैशाचे लोभी’ असं शेकडो वर्षं म्हटलं गेलं. काम लादायचं आणि त्याच कामावरून घाण म्हणायचं, ही रीत तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. इंग्लंडने तर १२९० साली सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं होतं. त्याच देशातल्या शाळेत २०२३ साली एक पोरगा दोन पेन्सचं नाणं टाकतो. त्याला यातलं काही ठाऊक नसतं, फक्त नाणं कुणाच्या पायाशी टाकायचं ते ठाऊक असतं.

आता माझी चूक. मी त्याला म्हटलं, “तू लक्षच देऊ नकोस. आणि बसमध्ये किप्प्यावर लोकरी टोपी घालत जा ना, थंडीही आहे.” मला वाटलं, किती शहाणपणाचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडायला नव्हती आली. म्हणाली, “मिस, काल रात्री त्याने मला विचारलं, आपण काही चुकीचं केलंय का? त्याच्या आजोबांना बर्लिनच्या शाळेतून काढलं होतं तेव्हा त्यांनीही आईला हेच विचारलं होतं.”

जर्मनीत एप्रिल १९३३ मध्येच माध्यमिक शाळा-विद्यापीठांत ज्यू विद्यार्थी किती असावेत यावर कायद्याने मर्यादा घातली गेली. नोव्हेंबर १९३८ मध्ये उरलेल्या ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकलं. त्याआधीची पाच वर्षं ती मुलं त्याच वर्गांत बसत होती, आणि ज्यू नाक कसं ओळखावं हे फळ्यावर शिकवणारे शिक्षक पगारी शिक्षकच होते.

ती गेल्यावर मला माझी आई आठवली. पाचवीला नांदेडला घातलं तेव्हा एसटीत बसवताना म्हणाली होती, “बाई, कुणी आडनाव इचारलं तर गावाचं नाव सांग. आन् कुणी काय बोललं तर कानाआड कर.” माझ्या आईपाशी दुसरं काही नव्हतंच. तक्रार लिहायला अक्षर नव्हतं, हेडमास्तरसमोर उभं राहायची सोय नव्हती. तिने मला जिवंत आणि शाळेत ठेवायचा एकच मार्ग सांगितला. तिला मी दोष देत नाही. पण माझ्यापाशी एम.ए. होतं, गळ्यात शाळेचं ओळखपत्र होतं, टेबलावर कॉम्प्युटर होता, आणि तरी मी त्या पोराला आईचंच वाक्य दिलं.

मग मी शाळेची नोंदवही उघडली. तिथे प्रत्येक घटना सॉफ्टवेअरमध्ये भरतात. त्याच्या नावापुढे सात नोंदी होत्या. कशाला ‘थट्टामस्करी’, कशाला ‘दोन मुलांमधला वाद’, एकीला ‘वर्गातला व्यत्यय’ म्हटलेलं. ज्यू हा शब्द एकाही नोंदीत नव्हता. सात वेगवेगळ्या शिक्षकांनी सात किरकोळ गोष्टी लिहिल्या होत्या, आणि सगळ्या एकत्र कुणी वाचल्याच नव्हत्या. एका घटनेनंतर तर दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावले होते. दोन मित्र चेंडूवरून भांडले तर ते ठीक. इथे एकाने नाणं टाकलंय आणि दुसऱ्याच्या पायाशी पडलंय. त्यांना एका टेबलावर बसवून ‘दोघांनी समजून घ्या’ म्हणायचं म्हणजे गावातल्या शांतता समितीसारखंच झालं.

ब्रिटनमध्ये याला आधार आहे. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावर १९९९ साली मॅकफर्सन अहवाल आला. त्याने सांगितलं की पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही एखादी घटना वंशद्वेषी वाटली तर तिची नोंद वंशद्वेषी म्हणूनच करायची. खरं-खोटं पुढे तपासा, आधी नोंद त्या नावाने करा. शिवाय २०१० च्या समानता कायद्यात ज्यूंना वंश आणि धर्म अशी दोन्ही संरक्षणं आहेत. जाता जाता सांगते, याच कायद्यात जात घालावी असं तिथल्या संसदेने २०१३ साली ठरवलं आणि २०१८ साली सरकारने ते करणार नाही, न्यायालयाच्या निकालांवर भागवू, असं जाहीर केलं. म्हणजे त्याच शाळेत आपल्या एखाद्या पोराला कुणी जातीवरून बोललं असतं तर मला नोंदीचा रकाना शोधत बसावं लागलं असतं. तो विषय वेगळ्या दिवसाचा आहे.

मी त्या मुलाबरोबर परत बसले. आधी माफी मागितली. बारा वर्षांच्या पोराची माफी मागताना जीभ जड होते, पण मागा. म्हटलं, “टोपीबद्दल मी बोलले ते चुकलं. तुझं काही चुकलेलं नाही.” मग त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. आवाज कुठला, कोणत्या तासाला, कुणी ऐकलं, कोण हसलं. मी ‘आक्षेपार्ह टिप्पणी’ असं लिहिलं नाही. सभ्य शब्द वापरला की वरचा माणूस वाचताना सुटतो. ‘हे मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही दिलं नाही. कारण ते पाळता येत नाही, आणि पाळलं तर मूल एकटं पडतं. त्याऐवजी विचारलं, कुणाला सांगू, कधी सांगू, तू तिथे असावंस का? शाळेत त्याच्या हातात काहीच राहिलं नव्हतं. एवढं तरी त्याच्या हातात आलं.

त्याला काय हवं होतं माहितीये? शिक्षा नको होती. त्याला कॉरिडॉर हवा होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाच्या मधली चार मिनिटं तिथे कुणी मोठं माणूस उभं राहावं, एवढंच. आम्ही मुलांवर मोठमोठे तक्ते लिहितो, आणि छळ होतो तो जिन्यात, बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, जिथे शिक्षक नसतो. मी रोज तिथे उभी राहू लागले. मग शारीरिक शिक्षणाचे सर येऊ लागले. नाणी थांबली.

गॅसचा आवाज थांबायला वेळ लागला. तो काढणाऱ्याशीही मी बोलले. मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून त्याने तो उचलला होता. सगळे हसतात म्हणून काढत होता. त्याला शिक्षा झाली, आणि झाली पाहिजेच होती. पण शिक्षेनंतर त्याच्याबरोबर बसून, त्या आवाजाचा अर्थ काय, हे कुणीतरी सांगावं लागलं. ते काम इतिहासाच्या बाईंनी केलं, ज्यू मुलाने नाही. हे लक्षात ठेवा. ‘तूच सांग ना वर्गाला तुझ्या समाजाबद्दल’ असं शिक्षक मोठ्या प्रेमाने म्हणतात. जयंतीच्या दिवशी आपल्यालाच भाषण करायला उभं करतात, तसं. मुलाला हौस असेल तर बोलेल. नसेल तर त्याला इतरांसारखं खिडकीबाहेर बघत बसायचा हक्क आहे.

इंग्लंडच्या अभ्यासक्रमात ज्यूंच्या संहाराचा धडा सक्तीचा आहे. असायलाच हवा. पण त्या वर्गातल्या मुलांना ज्यू भेटतात ते फक्त छळछावणीत, हाडांचे सापळे म्हणून. त्यांची भाषा, सण, विनोद, शास्त्रज्ञ, कामगार चळवळीतली माणसं काहीच नाही. त्या बाईंनी पुढच्या वर्षी धड्याआधी दोन तास घेतले, युद्धापूर्वीच्या युरोपातल्या ज्यूंच्या रोजच्या जगण्यावर. आणि तो धडा कधी येणार हे मुलाच्या घरी आठवडाभर आधी कळवलं. छोटी गोष्ट. आपल्या पाठ्यपुस्तकांत आपण कसे येतो ते आठवा, म्हणजे ती का महत्त्वाची ते कळेल.

मग ऑक्टोबर २०२३ आला. हमासचा हल्ला, आणि मग गाझावरचे बॉम्ब. त्या मुलाला पोरं विचारू लागली, “तू कुणाच्या बाजूने?” एकाने त्याला बालहत्यारा म्हटलं. इथे बसलेल्या बहुतेकांची मतं मला माहीत आहेत, माझीही फार वेगळी नाहीत. इस्रायल सरकारवर टीका करणं हा ज्यूद्वेष नव्हे, आणि टीका बंद पाडायला तो शब्द वापरला जातो हेही खरं. पण लंडनमधल्या बारा वर्षांच्या पोराकडे एका राष्ट्राचा हिशेब मागणं ही टीका नाही. त्याच आठवड्यात हिजाब घालणाऱ्या एका मुलीला ‘दहशतवादी’ म्हटलं गेलं. तिची नोंदही मी त्याच दुपारी, त्याच पद्धतीने केली. दोघांपैकी एकाचीच नोंद करणारा शिक्षक नंतर दोघांच्याही कामाचा राहत नाही.

कुणी म्हणेल, हे तुमच्या एका शाळेचं झालं. तर न्यूयॉर्क राज्यातल्या पाइन बुशची केस नक्की वाचा. पाच ज्यू विद्यार्थ्यांच्या वतीने २०१२ साली तिथल्या शाळा-जिल्ह्यावर खटला झाला. तीच नाणी, तीच चिन्हं, तेच विनोद, आणि वर्षानुवर्षांच्या तक्रारी. जिल्ह्याच्या शिक्षणप्रमुखांनी एका पालकाला कळवलं होतं की मुरलेला पूर्वग्रह बदलेल ही तुमची अपेक्षा जरा अवास्तव आहे. हे मी वाचलं तेव्हा माझ्याच शाळेतल्या एका गुरुजींचा आवाज ऐकू आला, “पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे ते, एका दिवसात जातंय व्हय?” पूर्वग्रह काढणं कुणी मागितलंच नव्हतं, कॉरिडॉर मागितला होता. २०१५ साली ४४.८ लाख डॉलर, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि अभ्यासक्रमातले बदल, अशी तडजोड झाली. ती होऊ शकली कारण त्या घरांनी तक्रारींचे कागद जपून ठेवले होते.

हे सांगताना काहीजण म्हणतात, भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांचं उदाहरण देतात. अलिबागकडचे मराठी बोलणारे ज्यू, पेणकर, रोहेकर अशी आडनावं. छळ झाला नाही हे खरं. पण तेल गाळतात आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ असं नाव देऊन टाकलं, म्हणजे उतरंडीत एक पायरी दिली. त्यांच्यातही गोरे आणि काळे असे भेद शिरले. आणि इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने यांच्या लग्नांवर, यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. १९६४ पर्यंत त्यांना त्यासाठी आंदोलन करावं लागलं. बाबासाहेबांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता एका मापाने मोजली होती, ती उगाच नाही.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. मी निघाले तेव्हा तो जेवायला कॅन्टीनमध्ये बसत होता, एका मित्राबरोबर. टोपी घालायचा. कधीकधी बसमध्ये काढून खिशात ठेवायचा, ते त्याचं तो ठरवायचा.

नोंदीचा एक कागद मी मराठीत करून आणलाय. तारीख, जागा, मुलाचे जसेच्या तसे शब्द, कोण हजर होतं, कुणाला कळवलं, त्यांनी काय केलं, आणि पुन्हा कधी विचारायचं. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, लोक तोच सोडतात. मागच्या टेबलावर चाळीस झेरॉक्स आहेत. कमी पडल्या तर एकमेकांच्यात काढून घ्या. आता प्रश्न विचारा.