आराखड्यात आपली खुर्ची शोधा
(युवा शिबिरातील भाषण)

बारावीच्या वर्षी मी आमच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी बसून अभ्यास केला. गावात वाचनालय होते. पण तिथे मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते आणि संध्याकाळी सातला दिवे बंद होत. अब्बांनी मला कधी मनाई केली नाही. मनाई त्या इमारतीने केली. पुढे मी वास्तुरचना शिकले, त्यामागे ही गोष्ट आहे.

आज आपल्या नगरपालिकेने जुन्या बाजाराच्या जागेवर वाचनालय आणि चौक करायचे ठरवले आहे. फलकावर तीन आराखडे लागले आहेत. पहिल्यात जागेच्या मधोमध काचेचा घुमट, पुढे चार पायऱ्या आणि पार्किंग. दुसऱ्यात खाली भाड्याचे सभागृह, वर वाचनालय. तिसऱ्यात दोन बाजूंना दुमजली इमारत, मध्ये चौक आणि चौकाकडे उघडणारा व्हरांडा.

चित्र पाहून पहिलाच आवडतो. पण चित्रात नेहमी स्वच्छ ऊन असते. रात्रीचे आठ वाजलेले किंवा पाऊस पडलेला कोणी काढत नाही.

फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, ‘ओओदी’ नावाचे वाचनालय आहे. त्याच्या रचनेसाठी खुली स्पर्धा झाली, ५४४ आराखडे आले. ५ डिसेंबर २०१८ रोजी ते सुरू झाले. जागा कुठली, तर संसदेच्या समोर, मोकळ्या चौकाच्या काठावर. तळमजला चौकासारखाच गजबजलेला. मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रे, स्टुडिओ, काम करायच्या खोल्या. पुस्तके आणि निवांतपणा सगळ्यात वर. तिथला पैसा आपल्याकडे नाही, पण विचार घेता येतो: कोण काय करणार ते आधी ठरवायचे आणि गोंगाट खाली, शांतता वर ठेवायची.

आता आपले आराखडे तपासू. पहिल्यातल्या चार पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरल्या तर उंची दोन फूट होते. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो, म्हणजे इथे चोवीस फूट. ती जागा पार्किंगने खाल्ली आहे. दुसऱ्या आराखड्यात भाड्याचे उत्पन्न आहे, त्यातून ग्रंथपालाचा पगार निघेल. हा मुद्दा खोटा नाही. पण लग्नसराई आणि परीक्षा एकाच वेळी येतात. खाली बँड वाजत असताना वर कोण वाचणार?

माझे मत तिसऱ्याला आहे, पण जसाच्या तसा नाही. त्यात अभ्यासिका चौकाला लागून आहे. सभा झाली की अभ्यास बंद. ती वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला न्यावी. लिफ्ट बंद पडली तरी अडू नये म्हणून वर्तमानपत्रे, मुलांची पुस्तके आणि ज्येष्ठांची बैठक खाली ठेवावी, आणि अभ्यासाची काही टेबलेही. स्वच्छतागृह इमारतीच्या आत, उजेडात हवे. आणि रात्री दहापर्यंत अभ्यासिका चालवणार कोण, वीजबिल कोण भरणार, हे आजच लेखी मागावे.

हे मागणे मुसलमान म्हणून नाही, नागरिक म्हणून करायचे आहे. उर्दू मासिकांसाठी एक कपाट हवे असेल, तर तेही नागरिक म्हणूनच मागा. शेजारच्या आळीतल्या मुलांनाही सोबत घ्या. जागा त्यांनाही कमीच पडते.

व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून आराखडा बदलत नाही. हरकती व सूचना लेखी द्याव्या लागतात आणि पोच घ्यावी लागते. रविवारी सकाळी आपण त्या जागेवर जाऊ. मोजायला टेप घेऊन या. आणि मुलांनो, बहिणींना सोबत आणा. ती खुर्ची नेमकी कुठे हवी, ते त्यांनाच विचारू.