काटकसर कुणाच्या वाट्याला?



मला आज ‘घरातली काटकसर’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, त्यामुळे याचा स्वयंपाकघराशी काय संबंध, असं काहींना वाटलं असेल. संबंध एवढाच की मी घरी स्वयंपाक करतो, सुई-दोरा वापरतो आणि जुन्या बाजारात फिरतो. पगार बरा असूनही करतो. पण पैसे कसे वाचवायचे, एवढंच सांगून मी थांबणार नाही. वाचवण्याचे कष्ट कुणाच्या वाट्याला येतात आणि वाचलेले पैसे कुणाच्या वाट्याला जातात, हेही आपण विचारू.

आधी आपली आडनावं बघा. पिंजारी कापूस पिंजायचे, जुन्या गादीत गोळा झालेला कापूस पुन्हा मोकळा करून द्यायचे. शिकलगार बोथट पात्याला धार लावायचे. रंगरेज विटलेल्या कापडावर रंग चढवायचे. वस्तू फेकून देण्याआधी ती पुन्हा कामाची करणं, यावर आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. त्यामुळे जुनं वापरायला आपण लाजायचं काहीच कारण नाही.

आमच्या सोलापूरकडे गोधडीला कुणी वाकळ म्हणतं, कुणी कौदी. माझी दादी चार-पाच जुन्या सुती साड्यांची एक शिवायची. मी तिच्याकडूनच शिकलो. साडी सुतीच हवी. धुऊन धुऊन सूत मऊ झालेलं असतं आणि ते घाम टिपतं. सिंथेटिक साडी आत घातली तर ती सरकते. साधा धावदोराच घालायचा, पण टाका सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे आणि ओळी जवळजवळ हव्यात. नाहीतर दोन धुण्यांत आतलं कापड गोळा होतं.

स्वयंपाकघरातही तेच. शिळ्या चपात्या कुस्करून गूळ-तूप घातलं की मलिदा होतो, मुलं आवडीने खातात. पाव किलो मटण नुसतं केलं तर दोघांना पुरतं. त्याचाच दाळचा केला, हरभऱ्याची डाळ आणि दुधी घातला, तर पाच जण पोटभर जेवतात. डाळ अर्धा-पाऊण तास भिजवून लावली की गॅस कमी लागतो. आम्ही १४.२ किलोचा सिलिंडर जोडला की त्याची तारीख कॅलेंडरवर लिहितो. सिलिंडर किती दिवस गेला, हे डोळ्यासमोर असलं की हात आपोआप आखडता होतो.

पुण्यात दर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथून मी लोखंडी तवा आणला. गंज घासून काढला, धुऊन कोरडा केला, तेलाचा पातळ हात फिरवून तापवला, असं तीन-चार वेळा केलं. आता त्यावर डोसाही चिकटत नाही. लाकूड, लोखंड, पितळ जुनं घ्यायला हरकत नाही. शिलाई मशीन घेताना चाक हाताने फिरवून बघा, अडखळलं तर सोडून द्या. पण गॅसची नळी, हेल्मेट आणि बूड फुगलेला कुकर जुना कधीही घेऊ नका. जिथे जिवाशी खेळ आहे, तिथे काटकसर नको.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काटकसरीचं कौतुक करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, कुणाच्या ताटातून वाचतंय? आमच्या अम्मी सगळ्यांना वाढून शेवटी जेवायच्या. उरलंसुरलं त्यांचं. कितीतरी घरांत अजून हेच चालतं आणि त्याला आपण त्याग म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. याची कारणं अनेक आहेत. पण घरात जी शेवटी जेवते तिच्या ताटात काय उरतं, हे बघायला डॉक्टर व्हावं लागत नाही. शिळी चपाती खायचीच असेल तर सगळ्यांनी मिळून खावी.

दुसरी, वेळ कुणाचा जातोय? २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात चारांत एक. बाहेरून जेवण मागवण्यापेक्षा घरी केलेलं स्वस्त पडतं, ते बऱ्याचदा करणारीची मजुरी आपण धरत नाही म्हणून. पैगंबर साहेब स्वतःचे कपडे आणि चपला स्वतः सांधायचे, घरकामात मदत करायचे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग आपल्या मुलांच्या हातात सुई का दिसत नाही?

तिसरी, वाचलेला पैसा कुठे जातोय? आमच्या घरात अम्मींच्या काटकसरीतून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. आपा माझ्यापेक्षा हुशार. तिचं शिक्षण मात्र बारावीला थांबलं, कारण पैसे एकाच्याच फीपुरते होते आणि तो एक मुलगा असणार हे आधीच ठरलेलं होतं. तिने लग्नानंतर, दोन मुलं सांभाळत, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. घराच्या बचतीत तिच्या हातच्या शिवणकामाचे पैसेही होते. तिचा वाटा मात्र तिला मिळाला नाही. आणि किती घरांत दहा वर्षं चिंध्या सांधून जमवलेले पैसे मुलीच्या लग्नात जेवणावळी आणि जहेज यांवर एका दिवसात उडतात! त्यातल्या निम्म्या पैशांत तिची पदवी झाली असती.

म्हणून काटकसर सोडू नका, ती सगळ्यांची करा. एक वही घ्या. महिनाभर तीन रकाने लिहा: काय वाचलं, कुणाच्या कष्टाने वाचलं आणि ते कशावर खर्च झालं. महिना संपला की वही घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. अब्बा, भाईजान, सगळे बसू द्या. दुसऱ्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा आलं आणि तिसऱ्या रकान्यात ते एकदाही नसलं, तर पुढच्या महिन्याची कामं आणि पैसे तिथेच बसून नव्याने वाटून घ्या.

आणि मुलग्यांनो, सुरुवात दाळच्यापासून करा. डाळ मात्र आधी भिजवायला विसरू नका.