सोळाव्या वर्षीची पारख : ब्राइस हार्पर, प्रसिद्धी आणि शंका

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे दार तेथील नवोदित खेळाडूंसाठी १९६५ पासून 'ड्राफ्ट' या वार्षिक निवडप्रक्रियेतून उघडते. शालेय शिक्षण पूर्ण केलेली मुले आणि महाविद्यालयीन खेळाडू यांच्यातून संघ आळीपाळीने एकेकाची निवड करतात, दुबळ्या संघाला आधी निवडण्याची संधी मिळावी हे या क्रमामागचे तत्त्व असते, आणि एकदा निवड झाली की त्या खेळाडूला त्या वर्षी अन्य कोणत्याही संघाशी वाटाघाटी करता येत नाहीत. बास्केटबॉलमध्ये असा निवडलेला तरुण बहुधा त्याच वर्षी मुख्य संघातून मैदानात उतरतो; बेसबॉलमध्ये मात्र त्याला मायनर लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुय्यम स्पर्धांच्या पायऱ्या चढत अनेकदा तीन-चार, कधी पाच-सहा वर्षे घालवावी लागतात आणि बहुसंख्यांना अखेरची पायरी गाठताच येत नाही. म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी संघ जे विकत घेतो ते समोर उभ्या असलेल्या मुलाचे आजचे कौशल्य नसते, तर तो पुढे जो होईल त्याविषयीचा अंदाज असतो. किशोरवयीन खेळाडूभोवती जी प्रसिद्धी उसळते आणि तिच्या पाठोपाठ ज्या शंका येतात, त्या दोहोंचे मूळ आज आणि पुढच्या पाच वर्षांमधल्या या रिकाम्या जागेत आहे.

हा अंदाज बांधण्याचे काम स्काउट करतात. स्काउट म्हणजे गावोगावच्या शालेय आणि महाविद्यालयीन मैदानांवर हिंडून खेळाडू हेरणारा, संघाच्या पगारावरचा पारखी. फटका चेंडूला अचूक लागणे, फटक्यातील ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेकीची शक्ती या पाच अंगांना तो २० ते ८० या मोजपट्टीवर गुण देतो. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी आणि ८० म्हणजे विरळा दिसणारी असामान्य क्षमता. प्रत्येक अंगाला दोन आकडे असतात, एक आजचा आणि दुसरा भविष्यातला. आजचा आकडा घड्याळ, वेगमापक आणि डोळे यांच्या साहाय्याने बराचसा खात्रीने लिहिता येतो. भविष्यातला आकडा हा अनुभवी माणसाचा तर्क असतो. यांखेरीज अहवालात आणखी एक रकाना असतो आणि त्याला गुण देणे सर्वांत अवघड जाते. स्काउटांच्या बोलीत त्याला 'मेकअप' म्हणतात आणि त्यात खेळाडूची मनोघडण, शिस्त, अपयश सोसण्याची तयारी, सहकाऱ्यांशी वागणूक असे सारे काही येते.

ही सारी यंत्रणा एकाच मुलावर एकाच वेळी कशी रोखली जाते हे पाहण्यासाठी ब्राइस हार्परचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १६ ऑक्टोबर १९९२ रोजी लास वेगास येथे जन्मलेला हार्पर हा बांधकामावर लोखंडी सळ्या बांधण्याचे काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. तो सोळा वर्षांचा असताना, ८ जून २००९ च्या अंकात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाने त्याचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले आणि बेसबॉलसाठी नियतीनेच निवडलेला मुलगा अशा अर्थाचा मथळा दिला. तुलना बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सशी होती, कारण त्यालाही याच साप्ताहिकाने शाळकरी वयात असेच मुखपृष्ठावर आणले होते. त्या दिवशी हार्परचे शालेय शिक्षण पूर्ण व्हायला आणखी दोन वर्षे होती आणि ज्या ड्राफ्टमधून तो निवडला जाणार होता तो नियमानुसार २०११ सालचा होता.

प्रसिद्धीला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही, परंतु तो आधार कोणत्या परिस्थितीत तयार झाला हे तपासणे आवश्यक आहे. जानेवारी २००९ मध्ये फ्लोरिडातील ट्रॉपिकाना फील्ड या बंदिस्त मैदानावर, शालेय खेळाडूंच्या फटकेबाजीच्या प्रदर्शनात त्याने ५०२ फूट, म्हणजे सुमारे १५३ मीटर अंतराचा फटका मारला. या फटक्याची चित्रफीत घरोघर पोचली. मात्र त्याच्या हातातली बॅट धातूची होती आणि समोरची फेक त्याला बाद करण्यासाठी नव्हे तर मारता यावी म्हणून केली जात होती. अमेरिकेतील शाळांमध्ये ॲल्युमिनियमची किंवा तत्सम बॅट वापरण्याची पद्धत आहे. ती हलकी असते, तिच्यावरून चेंडू अधिक वेगाने सुटतो आणि नेमक्या जागी न लागलेला फटकाही दूर जातो. मेजर लीगमध्ये केवळ लाकडी बॅट चालते आणि तिथे चेंडू बॅटच्या दांड्याजवळ लागला तर बॅट मोडते, फलंदाज अलगद बाद होतो. तेव्हा ही ताकद लाकडाच्या बॅटने, ताशी १५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या आणि अखेरच्या क्षणी वळणाऱ्या चेंडूवर टिकेल का, ही स्काउटांची शंका अगदी रास्त होती. सगळे शरीर झोकून बॅट फिरवण्याच्या त्याच्या बेफाम ढंगाविषयीही, म्हणजे स्विंगविषयीही, असेच विचारले जात होते.

या शंकेला हार्पर कुटुंबाने दिलेले उत्तर बेसबॉलच्या इतिहासात अपवादात्मक म्हणावे लागेल. अकरावीत जाण्याऐवजी त्याने शाळा सोडली, शालेय शिक्षणाशी समकक्ष मानली जाणारी परीक्षा दिली आणि 'कॉलेज ऑफ सदर्न नेवाडा' या दोन वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. चार वर्षांच्या महाविद्यालयात गेलेल्या खेळाडूला ड्राफ्टसाठी सामान्यतः तीन वर्षे किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते, दोन वर्षांच्या महाविद्यालयाला ही अट नाही. त्यामुळे तो २०१० च्याच ड्राफ्टला पात्र ठरला. या वाटेवर अमेरिकेत बरीच टीका झाली आणि शाळेचे एक वर्ष पैशासाठी गिळले गेले असे म्हटले गेले. टीकेत तथ्य असले तरी तिच्यात एक गोष्ट सुटून जाते : ते महाविद्यालय ज्या गटात खेळत असे तिथे लाकडी बॅट वापरली जात असे. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःहून अवघड मोजपट्टी निवडली आणि आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या पिचरांसमोर, म्हणजे फेकी करणाऱ्या खेळाडूंसमोर, त्या हंगामात ३१ होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके, मारले. त्या महाविद्यालयाचा आधीचा एका हंगामातला उच्चांक १२ होमरनचा होता. ताकदीविषयीची शंका जेवढी मिटणे शक्य होते तेवढी इथे मिटली.

मग शंकेने आपली जागा बदलली. ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यांत नाव न सांगणाऱ्या स्काउटांच्या हवाल्याने जे लिहिले गेले त्याचा रोख आता फलंदाजीवर नव्हता, मनोघडणीवर होता : मुलगा गर्विष्ठ आहे, प्रतिस्पर्ध्यांना खिजवतो, डोळ्यांखाली युद्धाला निघाल्यासारखा काळा रंग फासतो. जून २०१० च्या आरंभी, कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शन येथे दोन वर्षांच्या महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू असताना, पंचाने तिसरा स्ट्राइक, म्हणजे फटक्याच्या टप्प्यातली वैध फेक, देऊन त्याला बाद ठरवले. चेंडू कुठून गेला हे दाखवण्यासाठी हार्परने बॅटच्या टोकाने मातीत रेघ ओढली आणि पंचाने त्याला मैदानाबाहेर काढले. हंगामातील ती त्याची दुसरी हकालपट्टी असल्याने नियमाप्रमाणे निलंबन आले, संघ त्याच्याविना हरला आणि त्याचे महाविद्यालयीन बेसबॉल त्या रेघेपाशी संपले. ड्राफ्टला पाच-सहा दिवस उरले होते.

ती रेघ उद्धटपणाची होती हे नाकारण्याचे कारण नाही. पंचाशी असे वागणे कोणत्याही खेळात दोषास्पदच ठरते. परंतु तिच्यावरून काढल्या गेलेल्या निष्कर्षाची पद्धत सदोष होती. एखाद्या मुलाला सोळाव्या वर्षी देशभरच्या वाचकांपुढे उभे करायचे, त्याच्या प्रत्येक सामन्याला स्काउट आणि कॅमेरे यांची रांग लावायची, बाहेरगावच्या प्रेक्षकांकडून त्याची हुर्यो उडवायची, आणि या सगळ्याच्या दडपणाखाली तो जसा वागेल त्याला त्याचा मूळ स्वभाव समजून अहवालात नोंदवायचे, यात मोजणाऱ्यांनीच बदलून टाकलेली गोष्ट मोजली जात असते. सतरा वर्षांच्या मुलाचा राग हा बहुतेकदा सतरा वर्षांचाच असतो. प्रसिद्धी देणारे आणि शंका घेणारे हे दोन विरुद्ध पक्ष भासतात, तरी एका बाबतीत ते एकसारखे वागतात : अजून घडत असलेल्या मुलाला दोघेही घडून पूर्ण झालेला मानतात.

७ जून २०१० रोजी वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. निवड जाहीर करतानाच त्याला यष्टिरक्षकासारखी भूमिका असलेल्या कॅचरच्या जागेवरून काढून बाहेरच्या मैदानात पाठवायचे ठरले, कारण कॅचरचे गुडघे लवकर झिजतात आणि त्याला तयार व्हायला वेळही अधिक लागतो. १६ ऑगस्टच्या मध्यरात्रीची मुदत संपत आली असताना सुमारे ९९ लाख डॉलरच्या, पाच वर्षांच्या करारावर सही झाली. पुढच्या वसंतात हेगर्सटाउन येथील मायनर लीग संघात त्याची सुरुवात अडखळत झाली, तेव्हा त्याचे डोळे तपासण्यात आले आणि दृष्टी चांगलीच कमजोर असल्याचे आढळले. कॉन्टॅक्ट लेन्स लावल्यावर त्याची फलंदाजी काही दिवसांतच बदलली. दोन वर्षे ज्याच्या स्विंगपासून स्वभावापर्यंत सर्व काही बारकाईने टिपले जात होते, त्याला चेंडू नीट दिसतो का ही साधी बाब अहवालांच्या त्या ढिगाऱ्यात राहून गेली होती.

स्काउटांचे डोळे कुठे जातात आणि कुठे जात नाहीत याचा दुसरा पुरावा एक वर्ष आधीचा आहे. २००९ च्या ड्राफ्टमध्ये न्यू जर्सीतील मिलव्हिल या गावचा माइक ट्राउट पंचविसाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्या भागात वसंत उशिरा येतो, शालेय हंगाम तोकडा असतो, थंडीत खेळणारी मुले कॅलिफोर्निया किंवा फ्लोरिडातील मुलांपेक्षा कमी कसलेली असतात असा समज आहे, आणि म्हणून तिथल्या मुलाच्या यशाला कमी किंमत दिली जाते. त्याला निवडणाऱ्या एंजल्स संघानेही आदल्या म्हणजे चोविसाव्या क्रमांकाची आपली निवड आधी दुसऱ्याच मुलावर खर्च केली होती. ट्राउटच्या बाजूने आग्रह धरणारा त्या संघाचा स्काउट ग्रेग मॉरहार्ट हा एके काळी ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळलेला होता. त्याला घर माहीत होते, बापाचा वेग आणि जिद्द माहीत होती. मनोघडणीचा रकाना भरण्याला खरा अर्थ येतो तो अशा जुन्या ओळखीतून, आणि ती प्रत्येक मुलाच्या वाट्याला येत नाही. २०१२ मध्ये हार्पर आणि ट्राउट या दोघांनाही मेजर लीगमधल्या दोन लीगांपैकी आपापल्या लीगमधील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा किताब मिळाला. पुढे सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान ट्राउटने तीनदा आणि हार्परने २०१५ व २०२१ मध्ये असा दोनदा मिळवला.

हार्परच्या यशावरून प्रसिद्धी खरी ठरली असे म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल, कारण तितकीच प्रसिद्धी मिळालेली इतर मुलेही विचारात घ्यावी लागतात. ह्यूस्टनचा डावखुरा पिचर डेव्हिड क्लाइड १९७३ च्या ड्राफ्टमध्ये टेक्सास रेंजर्सची पहिली निवड ठरला. वॉशिंग्टनहून वर्षभरापूर्वीच स्थलांतरित झालेल्या आणि प्रेक्षकांवाचून तोट्यात चाललेल्या त्या संघाच्या मालकाने अठरा वर्षांच्या या मुलाला मायनर लीगची एकही पायरी न चढवता २७ जून रोजी थेट मुख्य संघातून उतरवले. मैदान प्रथमच पूर्ण भरले, मुलाने सामना जिंकलाही. त्या पाच डावांत सात फलंदाजांना त्याने स्वैर फेकीमुळे फुकट पहिल्या तळावर पाठवले होते हे मात्र जल्लोषात मागे पडले. मोजके सामने खेळवून त्याला शिकायला खाली पाठवण्याचा बेत तिकीटविक्री पाहून बाजूला ठेवला गेला. १८ विजय आणि ३३ पराभव एवढ्यावर त्याची मेजर लीगची कारकीर्द १९७९ मध्ये संपली, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. इथे शंका घेणारे होते, पण त्यांचे ऐकणे मालकाला परवडणारे नव्हते.

या सर्वांत २०१४ चे ब्रेडी एकेन प्रकरण अधिक विचार करायला लावते, कारण तिथे शंका खरी होती. सॅन डिएगोच्या या डावखुऱ्या शालेय पिचरला ह्यूस्टन ॲस्ट्रोजने पहिल्या क्रमांकावर निवडले आणि ६५ लाख डॉलरच्या रकमेवर सहमती झाल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतरच्या वैद्यकीय तपासणीत कोपराच्या आतील बाजूचा, फेकीचा सारा ताण पेलणारा अस्थिबंध नेहमीपेक्षा लहान असल्याचे संघाला दिसले आणि संघाने रक्कम कमी केली. हात दुखत नसताना आणि चेंडू वेगाने जात असताना रक्कम कापली जाते हे मुलाच्या बाजूला मान्य झाले नाही, मुदत टळून गेली आणि करार झालाच नाही. पुढच्या वर्षीच्या वसंतात तोच अस्थिबंध फाटला. २०१५ मध्ये क्लीव्हलँडने त्याला सतराव्या क्रमांकावर निवडले, परंतु शस्त्रक्रियेनंतर पूर्वीचा वेग परतला नाही आणि मेजर लीगमध्ये तो कधीच पोचला नाही.

पहिल्या काही फेऱ्यांत निवडलेल्या खेळाडूशी करार न झाल्यास संघाला पुढील वर्षी भरपाई म्हणून एक जादा निवड मिळते, असा ड्राफ्टचा नियम आहे. त्या नियमानुसार ॲस्ट्रोजला २०१५ मध्ये दुसरा क्रमांक मिळाला. त्या क्रमांकावर संघाने ॲलेक्स ब्रेगमनला घेतले आणि दोन वर्षांनी, वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची अंतिम मालिका जिंकणाऱ्या ह्यूस्टनच्या संघात तो तिसऱ्या तळावर उभा होता. मुलासाठी अशा भरपाईचे कोणतेही कलम त्या नियमांत नव्हते.